अभ्यासिकेच्या छताला काय लावायचं?

पुण्यातल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली सापडतात. नारायण पेठेतल्या अशा एका अभ्यासिकेत दोन मजल्यांवर मिळून नव्वद खुर्च्या आहेत. प्लायवूड ठोकून पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा आणि एक सॉकेट, भिंतीलगत लोखंडी लॉकरची रांग. इंटरनेट कंपनीने जोडणीबरोबर दिलेला राउटर या लॉकरच्या डोक्यावर, बाजारातून आणलेला दुसरा जिन्यापाशी आणि वरच्या मजल्यावर सॉकेटमध्ये खोचलेला एक रिपीटर. सकाळी सगळं झकास चालतं. संध्याकाळी सातनंतर खुर्च्या भरल्या की ‘काका, नेट चालेना’ सुरू होतं.

या काकांची भाची हिंजवडीतल्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळते. नवं काहीतरी बसवायचं ठरलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं, आणि पहिल्या दहा मिनिटांतच मामा-भाचीची जुंपली.

मामांचं म्हणणं सरळ होतं. “तीन-तीन हजारांचे तीन चांगले राउटर आण. एखादा बिघडला तर टाकून दिला, दुसरा आणला. ‘बिझनेस’ शब्द चिकटवला की वस्तूची किंमत तिप्पट होते, एवढं मला कळतं. मीही धंदाच करतो.”

“राउटर तीन आणलेस तरी राउटरचं काम एकालाच करायचंय,” भाची म्हणाली. “बाकीचे दोन उगाच आपापलं वेगळं नेटवर्क मांडून बसतील. खालचा फोन वर नेला की तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. तुला हवाय तो अ‍ॅक्सेस पॉइंट. नुसता रेडिओ. वायरीतून आलेलं हवेत सोडायचं, हवेतून आलेलं वायरीत.”

“मग कंपनीकडून स्पीड वाढवून घेऊ. तीनशेचा प्लॅन पाचशेचा. झालं!”

हा उपाय बहुतेकांना आधी सुचतो, आणि बहुतेक वेळा पैसे तिथेच वाया जातात. ७२० पी दर्जाच्या व्हिडिओसाठी २.५ एमबीपीएस वेग लागतो, असं यूट्यूबच स्वतः सांगतं. नव्वदपैकी साठ जणांनी एकाच वेळी लेक्चर लावलं तरी बेरीज १५० होते. म्हणजे तीनशेच्या प्लॅनमध्ये निम्मी जागा उरली. जे अडतं ते फायबरमध्ये अडत नाही, शेवटच्या पंधरा-वीस फुटांच्या हवेत अडतं.

कारण एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. राउटर बोलत असेल तर फोन गप्प, एक फोन बोलत असेल तर बाकीचे सगळे गप्प. जवळचा फोन तीनशेच्या वेगाने आपलं काम उरकून मोकळा होतो. लॉकरच्या पलीकडे, लोखंडाच्या सावलीत बसलेला फोन सहाच्या वेगाने तेवढाच मजकूर ओढत राहतो आणि तेवढा वेळ सगळ्यांना थांबवून ठेवतो. रिपीटर तर ऐकलेला प्रत्येक शब्द त्याच चॅनेलवर पुन्हा उच्चारतो. त्याने पट्टा लांबवला असं वाटतं, प्रत्यक्षात निम्मा वेळ खाल्ला.

भाचीने वरच्या मजल्यावर उभं राहून फोनवर वाय-फाय अ‍ॅनलायझर उघडलं आणि मामांपुढे धरलं. पडद्यावर रंगीत कमानींची दाटी होती, एकीत एक अडकलेली. खालच्या क्लिनिकचं नेटवर्क, समोरच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीतले फ्लॅट, मेसवाला, आणखी दोन अभ्यासिका. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्या तिघांवर अख्खी गल्ली बसली होती.

“हे सगळे आपल्या आत येतात?” मामांनी विचारलं.

“येतात. आणि आपण त्यांच्याकडे जातो. म्हणून तर तुझा तो चार अँटेनांचा ‘हाय पॉवर’ राउटर नको.”

इथे मामा खरोखर चकित झाले. जास्त ताकदीचा रेडिओ नको, हे त्यांच्या व्यवहारात बसेना. भाचीने समजावलं ते असं: लाउडस्पीकरवरून पुकारा केला तर मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जातो, पण टोकाच्या माणसाचं उत्तर आपल्यापर्यंत येत नाही. फोनचा रेडिओ लहान बॅटरीवर चालतो, त्याची ताकद मर्यादितच राहणार. राउटरचा आवाज मोठा असला की फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. शिवाय खालचा राउटर वरच्या मजल्यावरही ऐकू येत राहिला, की वर गेलेला फोन त्यालाच धरून बसतो. कुठल्या पॉइंटला जोडायचं हा निर्णय पॉइंट घेत नाही, फोन घेतो. अ‍ॅपलने आपल्या कागदपत्रांत सांगून ठेवलंय की सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्याशिवाय आयफोन दुसरा पॉइंट शोधायला लागत नाही. व्यवसायासाठीच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला ताकद कमी करायला सांगता येतं, दुबळ्या सिग्नलच्या फोनला ‘तू आता पलीकडे जा’ म्हणून सोडून देता येतं, आणि ८०२.११के, व्ही, आर या तीन मानकांच्या आधारे शेजारचा पॉइंट कुठला हे फोनला सुचवताही येतं.

“म्हणजे जास्त पैसे द्यायचे, ते कमी आवाजासाठी?”

“ऐकणाऱ्या यंत्रासाठी,” ती म्हणाली. “घरगुती राउटर ऐकत नाही, आपल्या मनाने चालतो. आणि काय बिघडलं हेही सांगत नाही.”

मामांचा पुढचा हल्ला डब्यावरच्या आकड्यांचा आधार घेऊन आला. फोनवर एका घरगुती राउटरची जाहिरात उघडून त्यांनी दाखवली: एएक्स३०००. भाची ज्याची भलामण करत होती त्या महागड्या पॉइंटवरही एएक्स३०००च लिहिलं होतं. “आकडा तोच, किंमत अडीचपट. आता बोल.”

या आकड्याची फोड करून पाहण्यासारखी आहे. २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची बेरीज २९७६. तिला गोल करून ३०००. पण एक फोन एका वेळी दोनांपैकी एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा ही बेरीज त्याच्या कधीच वाट्याला येत नाही. त्यातले २४०२ मिळवायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो; ८० वर ते १२०१ होतात, आणि दाटीच्या इमारतीत ४० वर उतरावं लागतं, तिथे आणखी निम्मे. हेही कागदावरचे, हातात पडतं ते साधारण यांच्या निम्म्याच्या आसपास. दोन डबे सारखाच आकडा मिरवतात, कारण दोघांतली रेडिओची चिप एकाच पिढीची असू शकते. फरक पडतो तो चिपभोवतीच्या गोष्टींनी. अँटेना छताकडून खाली पसरणारी आहे की चहूबाजूंनी, शंभर जण जोडलेले असताना प्रोसेसर आणि मेमरी टिकते का, बारा तास तापल्यावर काय होतं. यातलं काहीच डब्यावर नसतं. ‘५०० क्लायंट’ हा आकडाही असाच. पाचशे फोन नोंदवून घेता येतात एवढाच त्याचा अर्थ. सगळे एकदम व्हिडिओ पाहू लागले, तर एका रेडिओवर तीस ते पन्नास ही बरी मर्यादा.

मामांना हे पटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. “मग घ्यायचंच तर नवं घेऊ, वाय-फाय सात. न्यू जर्सीहून बंडू दिवाळीला येतोय, त्याच्याकडून मागवू. तिकडे स्वस्त.”

भाचीने कपाळाला हात लावला. तिकडे विकल्या जाणाऱ्या पॉइंटचं सॉफ्टवेअर बहुधा अमेरिकेच्या चॅनेलना आणि अमेरिकेच्या ताकदीच्या मर्यादांना बांधलेलं असतं. भारतात विकायच्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता लागते. बंडूच्या सुटकेसमधून आलेल्या डब्याला ती नसते, आणि बिघडला तर वॉरंटी बंडूबरोबर परत जाते. वाय-फाय ७ चा मोठा फायदा म्हणजे ३२० मेगाहर्ट्झचे चॅनेल, आणि एवढी जागा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच आहे. अमेरिकेने तिथले १२०० मेगाहर्ट्झ एप्रिल २०२० मध्येच मोकळे केले. आपल्याकडे त्या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, विनापरवाना करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. त्यात बाजारात असेही वाय-फाय ७ पॉइंट आहेत ज्यांत ६ गिगाहर्ट्झचा रेडिओच नाही. आणि या खुर्च्यांवर बसणाऱ्या मुलांच्या हातात जुने फोन.

“मग जुनं घेऊ? वाय-फाय पाच अर्ध्या किमतीत मिळतंय.”

“नको. पाचचं मानक फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी होतं. त्या डब्यांतला २.४ चा रेडिओ २००९ च्या पिढीचा असतो. सहा घे. ते दोन्हीकडे चालतं, आणि एकाच वेळी अनेकांची छोटी-छोटी कामं उरकायला तेच बनवलंय. गर्दीसाठी.”

तिचं हे मत बरोबर आहे, आणि आज अशा जागेसाठी निवड करणाऱ्याने मॉडेल क्रमांकांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नये. वेळ घालवायचा तर केबलवर. अभ्यासिकेत सीसीटीव्ही बसवताना उरलेलं कॅट-६ केबलचं अर्धं वेटोळं माळ्यावर पडलेलं होतं, आणि ते वापरून टाकू असा मामांचा आग्रह होता. भाचीने टोक सोललं, आठ बारीक तारांपैकी एक वेगळी काढली आणि ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस मुलामा निघाला, आत तार चांदीसारखी पांढरी. तांब्याचा लेप दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि दोन-चारदा वाकवलं की ते तुटतं. कॅमेऱ्यासाठी हे कसंबसं चाललं असेल. पण छतावरच्या पॉइंटला वीजही याच तारेतून न्यायची असते.

ही वीज म्हणजे पीओई. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात तो डबा, एका पोर्टवर १५.४ वॅट सोडतो आणि वाटेतली गळती धरून उपकरणाला १२.९५ मिळतील याची हमी असते. २००९ च्या एटी मानकात हेच आकडे ३० आणि २५.५. पॉइंट यांतलं काय मागतो ते विकत घेण्याआधी बघावं, कारण कमी ताकदीच्या स्विचवर काही पॉइंट सुरू होतात पण एखादा रेडिओ अर्धवट चालवतात, आणि मग दोष कुठे आहे हे शोधण्यात आठवडा जातो. काही जुन्या, स्वस्त मॉडेलांना २४ व्होल्टचा ‘पॅसिव्ह’ पीओई लागतो. तो या मानकांत बसत नाही, त्यांच्या वाटेला जाऊच नये.

पीओईचा खरा फायदा मामांनी आपणहून ओळखला. “म्हणजे स्विच आणि फायबरचा तो डबा एका यूपीएसवर टाकला, की लाइट गेली तरी दोन्ही मजल्यांचं नेट चालू?” अगदी तेच. छताजवळ चार ठिकाणी सॉकेट काढायला नको, चार अडॅप्टर नकोत.

आता नकाशा. प्रत्येक मजल्यावर दोन, असे चार पॉइंट, लॉकरच्या डोक्यावरून उचलून छताला. एका माणसाचा एक फोन आणि एक लॅपटॉप धरला तर एकशे ऐंशी यंत्रं. एका पॉइंटवर पंचेचाळीस. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात २०१८ पासून आपल्याकडे भरपूर जागा मोकळी झाली, पण तिच्या मधल्या चॅनेलवर रडारचा हक्क पहिला. रडारची चाहूल लागताच पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो, आणि नव्या चॅनेलवर निदान मिनिटभर कानोसा घेतल्याशिवाय बोलता येत नाही. ती कटकट टाळली तर ४० मेगाहर्ट्झचे नेमके चार चॅनेल हाती राहतात: ३६, ४४, १४९ आणि १५७ पासून सुरू होणारे. चार पॉइंट, चार चॅनेल. २.४ मध्ये तीनच चॅनेल, म्हणून चौथ्या पॉइंटचा तो रेडिओ चक्क बंद.

“पैसे देऊन घेतलेला रेडिओ बंद ठेवायचा?” मामांच्या आवाजात खरं दुःख होतं.

पण त्यांची खरी हरकत पुढेच होती, आणि या सगळ्या संवादातली ती सगळ्यात वजनदार. हे चारही पॉइंट एकत्र हाकायला कंट्रोलर लागतो. “तो कुठे असतो? क्लाउडवर? म्हणजे माझ्या अभ्यासिकेची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. रात्री अकराला बंद पडलं तर मी काय करू? माझा राउटर मी बटण दाबून चालू करतो. तू बंगळुरूला गेलीस की मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?”

भाचीने आधी हे हसण्यावारी नेलं. तिच्या कंपनीत चोवीस तास माणसं असतात. पण लहान व्यावसायिकासाठी हाच प्रश्न पहिला असायला हवा, आणि विक्रेते तो शेवटी ठेवतात. सिस्कोच्या मेराकी मालिकेसारख्या उपकरणांना परवाना सतत चालू ठेवावा लागतो. मोठ्या संस्थेला ते परवडतं, कारण त्या पैशांत मदतही मिळते. युबिक्विटीचं युनिफाय आणि टीपी-लिंकचं ओमाडा यांचा कंट्रोलर आपल्याच संगणकावर वार्षिक शुल्काशिवाय चालवता येतो. रकसच्या ‘अनलीश्ड’ प्रकारात वेगळा कंट्रोलरच नाही, पॉइंटांपैकी एक बाकीच्यांचं पुढारपण करतो. कंट्रोलर बंद पडला तरी बहुतेक ठिकाणी पॉइंट आपलं काम करत राहतात. बंद पडतं ते बदल करणं आणि पाहणं.

“बहुतेक ठिकाणी?” मामांनी नेमका शब्द पकडला.

इथे भाचीला व्हाउचरचं सांगावं लागलं. सगळ्यांना एकच पासवर्ड दिला की तो दोन दिवसांत शेजारच्या मेसपर्यंत पोचतो. मामा आजवर मॅक पत्त्यांची यादी ठेवून हे रोखत होते. पण अँड्रॉइड १० आणि २०२० मधल्या आयओएस १४ पासून फोन नेटवर्कला आपला खरा पत्ता देतच नाहीत, नेटवर्कगणिक बनावट देतात, आणि यादीचा बोजवारा उडतो. त्यापेक्षा प्रत्येकाला महिन्याभराचा कोड छापून द्यायचा. महिना संपला की कोड संपला.

मामांचा चेहरा या चर्चेत पहिल्यांदा खुलला. “म्हणजे फी थकली की नेट आपोआप बंद? मला तोंड वाईट करायला नको?”

“नको. पण हे कोड तपासायला कंट्रोलर सतत चालू लागतो. तो बंद, तर नवीन मुलाला आत येता येणार नाही.”

“मग तो माझ्या कपाटात पाहिजे. तुझ्या लॅपटॉपवर नाही आणि ढगातही नाही.”

ते तिने मान्य केलं: कंट्रोलरचा छोटा डबा, त्याच यूपीएसवर, ऑफिसच्या कपाटात. तिथेच आणखी एक गोष्ट ठरली, जी ती एरवी गृहीतच धरते. मुलांचं नेटवर्क वेगळं आणि ऑफिसचं वेगळं, म्हणजे मुलांच्या फोनवरून कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि बिलाचा संगणक दिसायलाच नको. मुलांची यंत्रं एकमेकांनाही दिसायला नकोत.

राहिला हिशेब. चार पॉइंट, पीओई स्विच, कंट्रोलर, अस्सल तांब्याची केबल आणि मजुरी धरून आकडा पंचावन्न हजारांच्या घरात गेला. मामांच्या तीन राउटरचे नऊ हजार. भाचीने नव्वद खुर्च्या आणि पाच वर्षांनी भागून दाखवलं: खुर्चीमागे महिन्याला दहा रुपये.

“पाच वर्षं टिकेल कशावरून?”

लोखंड टिकतं, प्रश्न सॉफ्टवेअरचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या माथी वानहूफ या संशोधकाने डब्ल्यूपीए२ मधली ‘क्रॅक’ नावाची त्रुटी जाहीर केली. तेव्हा ज्या मॉडेलांना कंपनीचा पाठिंबा चालू होता त्यांना दुरुस्ती मिळाली. ज्यांचा संपला होता ती घराघरांत तशीच चालत राहिली. म्हणून मॉडेल बाजारात कधी आलं आणि कंपनी कधीपर्यंत अपडेट देते, हे विचारायचं. दुकानात सवलतीत मिळणारा पॉइंट बहुधा याच कारणाने सवलतीत असतो.

मामांनी शेवटी होकार दिला, पण स्वतःच्या अटींवर. चार नव्हे, पाच पॉइंट घ्यायचे. पाचवा आधीच नेटवर्कमध्ये जोडून, सगळं भरून, कपाटात ठेवायचा, म्हणजे एक गेला तर ते स्वतः शिडीवर चढून बदलतील. कंट्रोलरचं मुख्य खातं त्यांच्या ईमेलवर, बसवणाऱ्याच्या नाही. कुठली केबल स्विचच्या कुठल्या पोर्टमध्ये जाते याचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, मराठीत. आणि बसवणाऱ्याचे शेवटचे दहा हजार आठवड्यानंतर.

“आठवडा कशाला? तासाभरात तपासून होतं,” भाची म्हणाली.

“सकाळी रिकाम्या खोलीत तुझा तो स्पीड टेस्ट नको मला. शनिवारी रात्री आठला, नव्वद खुर्च्या भरलेल्या असताना, दोन्ही मजल्यांच्या चारी कोपऱ्यांत व्हिडिओ लावून बघायचं. अडखळला तर ताकद आणि चॅनेल परत लावून दे, मग पैसे.”

यावर तिला उत्तर नव्हतं. तिने वहीत ती अट लिहून घेतली आणि पुढे स्वतःची एक जोडली: त्या रात्री मायक्रोवेव्ह चालू ठेवायचा. ऑफिसशेजारच्या पँट्रीत मुलं डबे गरम करतात, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गुरगुरतो.